पाळण्याखालची सुरी

आम्ही नॉटिंगहॅमच्या घरात राहायला आलो त्याच दिवशी मीमाबाईंनी आमचा सोफा उचलणाऱ्या एका धिप्पाड तरुणाचा दंड धरला. दंडावर होकायंत्रासारखं चिन्ह गोंदलेलं होतं. "वायकिंगांचं आहे," तो ऐटीत म्हणाला. "हे असलं की वादळातही वाट चुकत नाही."

"आइसलँडच्या कागदांत सापडतं ते, आणि ते कागद आगगाडीच्या जमान्यातले," बाई म्हणाल्या. "वायकिंगांनी ते पाहिलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. वाट चुकलास तर त्यांना शिव्या देऊ नकोस." सोफ्याचं दुसरं टोक तोवर माझ्या हातात लोंबकळत होतं.

मीमाबाई आमच्या शेजारीण. जन्म शेटलंड बेटांवरचा, जिथे लोकांच्या बोलण्यात अजून वायकिंगांच्या नॉर्स भाषेतले शब्द आहेत. हयात मात्र इथल्या शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेली. मूळ नाव जेमायमा, घरचं मीमा. 'बाई' हे माझ्या सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर लावलं, ते चिकटलं. खोटं त्यांना अजिबात खपत नसे. एकात एक अडकलेल्या तीन त्रिकोणांचा अर्थ मी विचारला, तर म्हणाल्या, "ओडिन देवाच्या आसपास कोरलेले दिसतात. पुढचं ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हटल्याने जीभ झडत नाही."

मेघगर्जनेचा देव थॉर, त्याच्या हातोड्यावर मात्र भरभरून बोलत. ख्रिस्ती धर्म आला त्या काळातल्या एका कारागिराच्या साच्यात म्हणे गळ्यातला हातोडाही पडे आणि क्रूसही. "घाबरलेलं माणूस निवडत बसत नाही, दोन्ही बांधतं," असं त्यांचं म्हणणं.

नाताळाआधी एकदा मीमाबाई आपल्या दारात गवताच्या दोन काड्या एकमेकींवर आडव्या ठेवत होत्या. शेटलंडच्या टेकड्यांखाली राहणारे ट्राव, म्हणजे ट्रोल नावाच्या राक्षसांचे धाकटे भाऊबंद, त्या दिवसांत बाहेर पडतात म्हणून. "तुमचा विश्वास आहे यावर?" माझ्या बायकोने, गायत्रीने, विचारलं.

"विश्वासाचा काय संबंध? दार माझं, पहारा मी करायचा."

गायत्रीला तेव्हा दिवस गेले होते. ट्राव बाळ-बाळंतीण पळवतात, म्हणून पाळण्याखाली लोखंड ठेवायचं, असं बाईंनी सांगितलं तेव्हा ती उडालीच. "ओ माय गॉड, सेम! माझी आई पण म्हणते, उशाशी विळा ठेव." दोघी हसत सुटल्या.

मुलगी फार लवकर झाली. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जंजाळात, माझ्या तळहाताएवढी. साताऱ्याहून सासूबाई रोज रडवेल्या आवाजात सांगत, "अगं, काहीतरी लोखंडाचं ठेव गं तिच्यापाशी." गायत्री एकदा थकून हसली. "आई, प्लीज! विळा घेऊन वॉर्डमध्ये गेले तर सिक्युरिटीला बोलावतील." त्याच आठवड्यात मुलगी गेली.

त्यानंतर गायत्री जेवेना, अंघोळ करेना. "मी हसले रे," एवढंच बोले. "आई सांगत होती आणि मी हसले." फुफ्फुसं तयारच नव्हती, डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मी सांगितलं. फोनवर खुद्द सासूबाईंनी हात जोडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. ही जिवाचं काही बरंवाईट करून घेईल या भीतीने मी ऑफिसला जाणं सोडलं. ती झोपली की नाकासमोर बोट धरून बघायचो.

एका सकाळी मी वरची पाळण्याची खोली झाडली. पाळणा सरकवून खालचा केर भरला आणि दार लावून घेतलं. दुपारी मीमाबाई आल्या, हात धुऊन येते म्हणून वर गेल्या आणि आल्यावर गायत्रीसमोर बसल्या.

"एक सांगायचं राहिलं, पोरी. तुम्ही हॉस्पिटलला धावलात ना, त्याच दिवशी झाडांना पाणी घालायला आले तेव्हा माझी मासे साफ करायची सुरी पाळण्याखाली ठेवली. लोखंड होतं तिच्या पाठीशी. पहिल्यापासून होतं. तरी ती गेली."

गायत्री वर धावली. सुरी तिथे होती. ती छातीशी धरून गायत्री जी रडली, तशी मुलगी गेली तेव्हाही रडली नव्हती. संध्याकाळी तिने चार घास वरणभात खाल्ला.

मी बाईंना दारापर्यंत सोडायला गेलो. मला काय विचारायचंय ते त्यांना कळलं होतं. कोटाची बटणं लावत, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "या खुणा भुतांसाठी असतात, असं मी वर्गात शिकवलं. चुकीचं शिकवलं. त्या मागे राहणाऱ्यांसाठी असतात." मी गायत्रीला कधीच काही सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात बाईंनी अंथरूण धरलं. गायत्रीकडून त्यांनी वचन घेतलं: मी जाईन तेव्हा ती सुरी माझ्या पलंगाखाली असू दे. नेमकी गायत्री कामासाठी ब्रिस्टलला असताना बाईंच्या नर्सने दोन घरांमधल्या भिंतीवर थापा मारल्या. मी गायत्रीला फोन केला. "सुरी ने आधी, पळ!" ती ओरडली.

मी पळालो. नर्स बाईंचे डोळे मिटत होती. त्यांचा हात अजून ऊबदार होता. मी गुडघ्यांवर बसलो आणि सुरी पलंगाखाली सारली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"त्या असताना ठेवलीस ना रे?"

"हो," मी म्हणालो. "वेळेत ठेवली."