नाव नसलेल्या फाइली

वस्तूच्या आत काय आहे हे उघडून पाहावे लागणे म्हणजे संस्कृतीचा पराभव, असे मानणारा पृथ्वीवर एकच मनुष्य असावा आणि तो इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये माझ्या शेजारी राहतो. या निवृत्त इंजिनियर काकांनी माझ्या वाढदिवसाच्या केकवर नावाखाली ‘व्हॅनिला, अंडेविरहित’ असे लिहून घेतले होते. मंडळाच्या गणपतीचे फोटो कोणी पाठवले, तर “नावाच्या जागी नुसता नंबर असलेला फोटो मी बघत नाही,” असे उत्तर जाई.

या तत्त्वावर त्यांनी एक कोड लायब्ररीही, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्रामला जोडता येईल असा तयार कोड, लिहिली. फाइलच्या नावातले शब्द वाचून ती गाणी, लग्ने, सहली, पाककृती असे कप्पे लावते. फाइल उघडतच नाही, म्हणून विलक्षण वेगवान. अनेक अनोळखी प्रोग्रामर ती वापरतात. नावावरून बोध न होणारे सारे ‘इतर’मध्ये जाई आणि ‘इतर’ ती दर दिवाळीच्या साफसफाईत कायमचे पुसून टाकी.

काकू फोनवर ओव्या, भाचीसाठी निरोप असे काहीबाही रेकॉर्ड करत. नाव फोन देईल ते, म्हणजे नुसता नंबर; तसेच ते काकांच्या कॉम्प्युटरवर जाई.

“अहो, आत काय आहे ते मला ठाऊक आहे ना!”

“तुला आहे. कॉम्प्युटरला नाही.”

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. तेरावे झाल्यावर काकांनी मला बोलावले. “तुझं डेटाचंच शिक्षण ना? तिचा आवाज शोधून दे. मला कुठे मिळत नाहीये.”

मी पद्धतशीर शोधले. नीट नावाच्या प्रत्येक व्हिडिओत कॅमेऱ्यामागून काकाच बोलत होते. काकू मुकाट्याने पाने वाढत होत्या. ‘इतर’ रिकामे होते. ‘पाककृती’त मात्र काकूंनी एकदाच स्वतः नाव दिलेली एक फाइल निघाली: ‘पुरण’. मी ती लावली.

“हं, तर डाळ आधी...” काकू सुरू करतात, तोच काकांचा आवाज येतो, “नावात नुसतं पुरण काय? वर्ष घाल, प्रमाण घाल!”

“घालते हो. मग सांगते पुढचं.”

तिथे फाइल संपते.

“नाव पुरेसं होतं गं,” काका एवढेच म्हणाले.

आता त्यांची लायब्ररी बोध न होणारी फाइल पुसत नाही. ती उघडते आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवते. वेग पार गेला आहे. तक्रारी येतात. परवा कोणीतरी विचारले, ही पायरी बंद कशी करायची? काकांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून उत्तर मी टाइप केले.

“लिही,” ते म्हणाले, “बंद होत नाही. ऐकून घ्या.”