समुद्राला बोललेले रोडगे

वणीहून कोकणात जाताना बाकीचे लोक काय नेतात मला माहीत नाही. आम्ही गाडीच्या टपावर गोवऱ्यांचं पोतं बांधून नेलं. सोबत कणकेचा डबा, मारेगावच्या बाजारातली काटेरी वांगी आणि आई-बाबा. गाडी आमच्या घरासमोरच्या गॅरेजवाल्या चाचांची, चालवणारेही तेच. वाटेत चहाला थांबलो की कोणीतरी टपाकडं बोट दाखवून विचारायचंच. चाचा इतक्या गंभीरपणे "मन्नत का सामान है" म्हणत, की विचारणारा चहा अर्धा ठेवून बाजूला सरकायचा.

तर ही मन्नत. नागपूरला बाबांचं हृदयाचं ऑपरेशन चालू होतं, तेव्हा आई बाहेरच्या हॉलमध्ये बसली होती. समोरच्या भिंतीवर समुद्राचं हे मोठं पोस्टर. नारळाची झाडं, होडी, पांढरं दीपगृह, खाली एका छोट्या गावाचं नाव आणि 'एकदा याच'. आईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण घाबरलेल्या माणसाला समोर जे दिसेल तो देव. तिनं तिथल्या तिथं पदर पसरला आणि पोस्टरला सांगितलं, "ह्या माणसाले घरी पाठव, तुह्या काठावर येऊन रोडगे देईन." बरं, हॉलमध्ये गणपतीचा फोटो नव्हता असं नाही. होता. दारावर, ऐन तिच्या डोक्याच्या वर.

आमच्याकडं नवसाला रोडगेच लागतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून भाजायचे, फोडून वर तूप ओतायचं, सोबत झणझणीत वांग्याची भाजी. नैवेद्य दाखवायचा आणि ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानं पहिला घास खायचा. त्याशिवाय नवस फिटत नाही. मी आईला म्हटलं, "वर्धा नदीवर देऊन टाकू ना. तिचं पाणी शेवटी समुद्रातच जाते." तर म्हणे, "नवस म्हणजे दुकानातली साडी हाय काय, बदलून आणायले?"

बाबा घरी आले, हिंडूफिरू लागले, पण आईच्या जिवाला चैन नव्हतं. बाबांना साधा ठसका लागला तरी तिचा चेहरा पांढराफटक पडे. "देणं अंगावर हाय," म्हणे. समुद्र कोणत्या बाजूला आहे हे तिनं मला विचारून घेतलं होतं आणि रोज सकाळी तिकडं तोंड करून मुदत मागे. आमच्या अंगणातून ती दिशा नेमकी शेजाऱ्यांच्या संडासाकडं येते. शेजारीण एक दिवस मला म्हणाली, "तुह्या आईचं बरं हाय ना व?" त्याच दिवशी मी चाचांच्या गॅरेजमध्ये जाऊन गाडी ठरवली.

दुसरं प्रकरण मिठाचं. डॉक्टरांनी बाबांचं मीठ कमी करायला सांगितलं, आईनं ते पार बंदच करून टाकलं. बाबा अळणी वरणात भाकर कुस्करत म्हणायचे, "ऑपरेशन दिलाचं झालं का जिभेचं, काही समजून नाही राह्यलं." आणि अशा माणसाला घेऊन आम्ही निघालो कुठं, तर जिथं लोणचं खारं, मासे खारे आणि वाराही खारा. पहिल्या दिवशी घरगुती मुक्कामाच्या काकूंनी पानात आंब्याचं लोणचं वाढलं, तर आईनं ते बाबांच्या पानातून अख्खं उचललं, खाल्लं आणि पुढं दिवसभर पाणी पीत राहिली.

आम्ही शनिवारी पोचलो. नवस सोमवारी फेडायचा, म्हणून रविवार मोकळा होता. मी म्हटलं चला, पोस्टरवरचं सगळं पाहून घेऊ. तर आईनं जाहीर केलं, "मी समुद्राकडं पाह्यणार नाही. देणं दिल्याबिगर तोंड कसं दाखवू?" मी कपाळावर हात मारला. त्या गावात जिकडं पाहावं तिकडं समुद्र. ही बाई डोक्यावरून पदर ओढून, मान खाली घालून, रस्त्यावरचे खड्डे बघत चालली.

दीपगृहावर चढलो. वर वारा असा की बोललेलं उडून जाई, आणि चहूबाजूंनी निळं पाणी. आई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि खाली आल्यावर म्हणाली, "रंग उडाला हो त्या भिंतीचा." डॉल्फिन पाहायच्या होडीत ती पाण्याकडं पाठ करून, आमच्याकडं तोंड करून बसली. होडीवाला ओरडला, "तो बघा, तो बघा!" आम्ही सगळे उठलो. आईनं आमचे चेहरे पाहिले आणि विचारलं, "केवढा हाय?" बाबा म्हणाले, "गोऱ्ह्याएवढा." त्यावर तिचं समाधान झालं. होडीवाल्याला मात्र ह्या बाईनं पैसे कशाचे दिले ते शेवटपर्यंत कळलं नाही.

गावातल्या किल्ल्यावर बाबांनी तोफा पाहिल्या नाहीत, विहीर पाहिली. बाबांची सगळी नोकरी कोळशाच्या खाणीत पंपावर गेली. खाणीत झिरपणारं पाणी उपसायचं, हेच काम. त्यामुळं पाणी दिसलं की त्यांच्यातला पंपवाला जागा होतो. तासभर ते गाइडलाच समजावत होते की ही विहीर कशी उपसायची. चाचा तेवढ्यात खाली किनाऱ्यावर पॅराशूटला लटकून आकाशात जायला निघाले होते, पण ओढणाऱ्या बोटीच्या इंजिनचा आवाज ऐकून उतरले, बाह्या सरसावल्या आणि प्लग साफ करूनच मग वर गेले. खाली आल्यावर बाबांनी विचारलं, "वणी दिसली काय?" चाचा म्हणाले, "दादा, डोळे उघडलेच नाही."

सोमवारी सकाळी काकूंनी सांगितलं, "खाली नका हां जाऊ, दुपारचं पाणी वर येतं. सुरूच्या झाडांपाशीच मांडा." बाबा हो हो म्हणाले आणि गल्लीच्या तोंडाशी येताच आम्हाला म्हणाले, "बाहेरगावचे समजून घाबरवून राह्यली." किनाऱ्यावर पाहतो तर समुद्र दूर गेलेला आणि मधे ओली, घट्ट, सपाट वाळू. हिवाळ्यात नदीच्या पात्रात रोडग्यांची पार्टी करतो ना आम्ही, हुबेहूब तशी. तिथं जितकं पाण्याजवळ बसावं तितकं चांगलं, भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, धुवायला बरं पडते. बाबा थेट खाली चालत गेले. मी म्हटलं, "बाबा, भरती येईल." म्हणाले, "उतरलेलं पाणी पावसाळ्याबिगर माघारी येत नाई. तू तुह्या शाळेतलं फळ्यावरचं नको सांगू मले. जिंदगीभर पाणी उपसलं मी." आईनंही त्यांचीच बाजू घेतली. नैवेद्य कोणी दारापासून कोसभर दाखवते काय, म्हणे. चाचा पोतं खांद्यावर घेऊन आधीच निम्म्यात पोचले होते. मंग करा तुमच्या मनासारखं, म्हणत मीही गेले. दुसरं काय करणार?

आईनं समुद्राकडं पाठ करून विस्तव मांडला. कणीक तिनं बिनमिठाची मळली होती, कारण पहिला घास बाबांचा. चाचांनी वांगी चिरली. धूर असा उठला की फिरायला आलेली मंडळी आमचेच फोटो काढू लागली. गोवऱ्यांचे निखारे झाले, रोडगे आत गेले. आता धीर धरायचा. रोडगा घाई केली की आत कच्चा राहतो, आणि कच्चा नैवेद्य आईला मंजूर नव्हता.

पहिल्यांदा चाचांची चप्पल गेली. बाबा म्हणाले, "लाट हाय, येते जाते." मग दुसरी चप्पल गेली. "वैनी," चाचा हळूच म्हणाले, "पानी बढ रहा है." आईनं मागं न पाहता विचारलं, "किती?" बाबांनी मुकाट पायजमा वर खोचला आणि मला म्हणाले, "बंधारा घाल."

मी आणि चाचा दोन्ही हातांनी वाळू ओढू लागलो. बाबा उभे राहून हुकूम सोडत होते, इकडं भर, तिकडं फुटून राह्यलं, पंप असता तर दाखवला असता याले! तेही वाकले तर आई खेकसली, "तुमी हात लावू नका, टाके हायेत!" एक लाट आली, बंधाऱ्यावरून आत शिरली आणि निखारे फुस्स झाले. तिच्या मागून आलेलीनं बसलेल्या आईला पाठीत असा दणका दिला, की "अगं माय!" करत ती गर्रकन वळली.

आणि तिनं समुद्र पाहिला. कंबरभर पाण्यात बसून, तोंड उघडं टाकून पाहिला. गोवऱ्या तरंगत होत्या, भाजीचा गंज आडवा झाला होता, रोडगे गडगडत आत चालले होते. मग तिला आठवलं आणि तिनं हंबरडा फोडला. "पहिला घास! अवो, तुमचा पहिला घास राह्यला!"

मी आणि चाचा रोडग्यांच्या मागं धावलो. माझ्या हाती काही लागलं नाही, चाचांच्या हाती दुसऱ्याच कोणाची चप्पल लागली. आई रडत होती, अगदी लहान लेकरासारखी. महिनोन् महिने जपलेला जीव आता कोणाच्या भरवशावर ठेवायचा, असं तिचं झालं होतं. मला त्या पोस्टरचा राग आला.

तेवढ्यात बाबा पाण्यातून ताठ उभे झाले. दोन्ही हातांत एक रोडगा. त्यांनी तो फोडला. आत भाजलेला होता, आणि पाणी गळत होतं. त्यांनी घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. एक हात छातीवर गेला. आई जागच्या जागी गार. चाचांनी "दादा?" म्हटलं. मी पाणी तुडवत निघाले.

बाबांनी डोळे उघडले.

"मीठ," ते म्हणाले. "मीठ बराबर झालं, पाह्य."

आई धडपडत त्यांच्याजवळ पोचली होती, हात त्यांच्या तोंडापर्यंत गेला होता, थुका म्हणायला. पण नवसाचा घास थुका कसं म्हणणार? ती तशीच थांबली. मग हसली, हसता हसता पुन्हा रडली, पदरानं नाक पुसलं आणि समुद्राकडं वळून, शेजारणीशी नळावर भांडते त्या आवाजात म्हणाली, "घेतले ना रोडगे? पोट भरलं ना तुहं? मंग आता ह्या माणसाच्या मागं लागू नको, सांगून ठेवतो!"

ती बराच वेळ तिकडंच तोंड करून बोलत होती. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, हळूच दुसरा घास घेतला, आणि मी आईला काही सांगितलं नाही.