धुळानं प्याला परत ठेवला

सोलापूर स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागायची त्या काळातली ही गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ पडून गेला होता आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा काही केल्या सरत नव्हता. आमच्या मंडळीत धुळा टांगेवाला म्हणून एक माणूस होता. मी मंगळवेढ्याकडच्या खेड्यात जेवढी शाळा शिकलो तेवढ्याच भांडवलावर लिहितोय, पण धुळाची गोष्ट सांगायला तेवढी शाळा पुरते. मी त्याच्या शेजारच्या खोलीत राहायचो आणि रविवारी देवळात त्याच्याच बाकावर बसायचो. आम्ही ख्रिस्ती माणसं आमच्या चर्चला देऊळच म्हणतो बरं का, म्हणजे पुढं घोटाळा नको.

धुळा पूर्वी प्यायचा. गूळ सडवून काढलेली हातभट्टीची. त्याचा घोडा भिंगऱ्या इतका शहाणा झाला होता, की संध्याकाळी स्टेशनातनं निघाला की कुणी न सांगता भट्टीच्या बोळाशी जाऊन उभा राहायचा. एकदा मागं अक्कलकोटचे एक जंगम स्वामी बसलेले, त्यांना जायचं होतं मठात, आणि भिंगऱ्यानं त्यांना नेऊन उभं केलं भट्टीच्या दारात! पिणारे सगळे उठून स्वामींच्या पाया पडले म्हणे.

हसायला ठीक आहे, पण घरी मायाक्काला हसू येत नव्हतं. मायाक्का म्हणजे धुळाची बायको. पदरात दोन पोरी. धुळानं एकदा थोरल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि सोडली. बरेच महिने सुटलीही. मग एका हळदीत कुणीतरी म्हणालं, "अरं, नुस्तं ओठाला लाव की." यानं ओठाला लावलं. पुढं तो सापडला तलावाच्या काठाला, मातीत तोंड घालून पडलेला. भिंगऱ्या तसाच टांग्याला जुंपलेला, उपाशी.

तेव्हा मायाक्का म्हणाली, "पुन्ना एक थेंब जरी गेला, तर पोरींना घिऊन मी करकंबला भावाकडं जाईन. मग न्यायला येऊ नगा."

ती आधीपासून आमच्या देवळात यायची. तिच्या मागोमाग धुळा यायला लागला. आधी दाराशी, मग शेवटच्या बाकावर, मग माझ्याजवळ. स्वतःच्या जोरावर सोडून बघितली होती, तो जोर पुरला नव्हता, हे त्याला पक्कं कळलं होतं. म्हणून त्यानं जोर प्रभूकडनं मागून घेतला. भट्टीचा बोळ आला की मोठ्यानं म्हणायचा, "प्रभू, लगाम तू धर!" मागं बसलेल्या उतारूंना वाटायचं, घोड्याचं नाव प्रभू असावं. बाप्तिस्म्याच्या दिवशी सगळ्या मंडळीसमोर त्यानं साक्ष दिली, "मला थोडी पिता येत न्हाय. मला एक थेंब म्हंजे आख्खी भट्टी हाय. तवा थेंबच नगं." आणि मायाक्काचं करकंबचं बोलणंही त्यानं स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं.

आता खरी गोष्ट.

आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा इवलासा काचेचा प्याला. हा रस म्हणजे दारू नव्हे. मनुका गरम पाण्यात भिजवायच्या, कुस्करायच्या, फडक्यातनं गाळायच्या. शनिवारी संध्याकाळी करायचा आणि रविवारी सकाळी वापरायचा, अशी रीत. हे काम कित्येक वर्षं अंबुबाईंकडं होतं. म्हातारी विधवा बाई, पाठीत वाकलेली, पण मनुका कुस्करताना तोंडानं प्रार्थना चालू असायची. त्या कामावर तिचा जीव होता. कुणी मदतीला गेलं तर म्हणायची, "मी मेल्यावर ये."

पण त्या वर्षी नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. गुरुवारी पाणी आलं. शनिवारी आलंच नाही तर काय, म्हणून अंबुबाईंनी गुरुवारीच रस करून ठेवला. टिकावा म्हणून त्यात चांगला मूठभर गूळ घातला, चिनी मातीच्या बरणीत ओतला आणि तोंडाला फडकं गच्च बांधून पत्र्याच्या खोलीत ठेवून दिला. सोलापूरचा मे महिना, वर पत्रा, आत मनुका आणि गूळ. तुम्ही घरात बसून काय झालं असेल ते ओळखलं असेल. अंबुबाईंना नाही ओळखता आलं. तपकीर ओढून ओढून त्यांचं नाक कधीच मेलं होतं.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणं धुळा त्यांना टांग्यातनं देवळात घेऊन आला. बरणी त्यांच्या मांडीवर. मी दाराशी उभा होतो. धुळा उतरला तो घामानं भिजलेला, चेहरा पांढरा पडलेला.

"अण्णा," मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "मला वास येतोय."

"कसला?"

"त्योच. भट्टीचा. सकाळधरनं नाकात बसलाय. बोळाकडनं आलो बी न्हाय, लांबनं आलो. तरी येतोय. माजं मन फिरलंय बगा."

"अरे, कुणी पिऊन रस्त्यानं गेलं असेल."

"न्हाय वो. टांग्यात माज्यासंगं व्हता. सैतान मागं बसलाय."

मागं तर अंबुबाई बसलेल्या! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, चल आत म्हणालो, पण मलाही धीर नव्हता. तलावाकाठी त्याला उचलायला मीच गेलो होतो. वास यायला लागला म्हणजे इच्छा आत शिरली, असं मला वाटत होतं. बायकांच्या बाजूला मायाक्का बसली होती, दोन्ही पोरी दोन बाजूला. तिनंही त्याचा चेहरा टिपला.

उपासनेत माझं लक्ष नव्हतं. पाळकसाहेब बोलत होते आणि मी धुळाचे हात बघत होतो. तो सारखे तळवे गुडघ्यांना पुसत होता.

भाकर झाली. मग प्याल्यांचं तबक फिरलं. आमच्यात असं आहे, की प्याला हातात घेऊन थांबायचं आणि पाळकसाहेबांनी सांगितलं की सगळ्या मंडळीनं एकदम घ्यायचा. ज्याच्या मनात लपवलेलं पाप आहे त्यानं घेऊ नये, प्याला तबकात परत ठेवावा. तसं कुणी केलं की सगळ्या देवळाला कळतं. माणूस घसरला, एवढाच त्याचा अर्थ.

धुळानं प्याला घेतला आणि नाकाशी यायच्या आधीच त्याचा हात थरथरायला लागला. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. मला काहीच कळलं नव्हतं. मी जन्मात न प्यालेला माणूस, मला वाटलं रस जरा आंबूस झालाय, उन्हाळा आहे.

तो पुढं मला म्हणाला, "अण्णा, भट्टीवर बसलेल्याला न्हाई म्हणणं सोपं हाय. हितं तर प्रभूच्या हातातनं आली व्हती. आतनं कुणीतरी म्हणत व्हतं, घे की येड्या, हे पाप न्हाय, हा तर परसाद हाय, सगळे घेत्यात. आन् ठिवलास तर? सगळे म्हणतील धुळा पडला. मायाक्का करकंबला जाईल. म्हंजे पिलो तर ती जाणार, न्हाय पिलो तरी जाणार! असं कोडं सैतानाबिगर कोण घालंल?"

तेव्हा मात्र त्याच्या ओठांतनं मला एवढंच ऐकू आलं, "धर, धर, धर."

"घ्या," पाळकसाहेब म्हणाले.

सगळ्या मंडळीनं प्याले तोंडाला लावले. मीही लावला. धुळानं मात्र हात लांब केला आणि प्याला तबकात परत ठेवला. काचेला काच लागली. तेवढा आवाज सगळ्या देवळात गेला. मी मायाक्काकडं बघायचं धाडसच केलं नाही.

बाहेर लिंबाखाली आमचे पंच शांतवन मास्तर उभे होते. रिटायर झालेले, पण छडी मनातनं गेली नव्हती.

"काय धुळाजी," सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "प्याला जड झाला काय आज?"

"व्हय मास्तर. लई जड झाला."

"कधीपासून चालू झालंय पुन्हा?"

धुळानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल काहीतरी. तेवढ्यात रिकामी बरणी पोटाशी धरून अंबुबाई पायऱ्या उतरत आल्या. "धुळ्या, सोड रं बाबा मला घरी. कंबर गेली." त्यानं तोंड मिटलं, त्यांचा हात धरला आणि टांग्यात बसवलं.

मी मायाक्काच्या मागं मागं चालत घरी आलो. ती घरात शिरली आणि ट्रंक ओढून पोरींचे परकर त्यात टाकायला लागली.

"मायाक्का, थांब जरा, येऊ दे त्याला."

"लई थांबले अण्णा. तुमीच सांगा, बिगर कारणाचा कोण प्याला ठिवतंय? दुपारची यस्टी हाय पंढरपूरची. तितनं जाईन."

धाकटी पोर रडायला लागली. थोरली मुकाट्यानं आपली पाटी पिशवीत घालत होती, ते बघून मला जास्त वाईट वाटलं. बाहेर घुंगरं वाजली. धुळा आत आला आणि तिच्यासमोर खाली बसला.

"तोंडाचा वास घे," तो म्हणाला.

"घेऊन काय करू? अजून पिला नसाल तुमी. आज मनात आलीया, सांजंला पोटात जाईल."

"तू घे तरी."

ती वाकली. वास घेतला आणि पोळल्यासारखी मागं सरली. "येतोय की! खोलीभर येतोय!" तिचा आवाजच फुटला.

"पुन्ना घे. जवळनं. माज्या तोंडाचा."

ती पुन्हा वाकली. या वेळी बराच वेळ. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, उठली, माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "अण्णा, हा करा."

"काय?"

"तोंड उघडा वो!"

मी हा केलं. आयुष्यात दारूला न शिवलेला मी मंडळीचा माणूस, आणि मायाक्कानं माझ्या तोंडाशी नाक आणून डोळे मोठे केले! मग तिनं स्वतःचा तळवा तोंडासमोर धरला, त्यावर श्वास सोडला आणि हुंगला. मटकन् ट्रंकेवर बसली.

"माज्या तोंडाला येतोय," ती म्हणाली. "प्याला घेताना माजं ध्यान तुमच्या हाताकडं व्हतं. काय पिले ते मला कळलंच न्हाय."

"आख्ख्या देवळाच्या तोंडाला येतोय," धुळा म्हणाला. "पाळकसायबाच्या बी."

मग हसला तो. मायाक्का मात्र हसली नाही. पदर तोंडात घालून रडली, आणि धाकटी पोर तिच्या रडण्यावर आणखी मोठ्यानं रडली. मला विचाराल तर त्या खोलीत तेव्हा शुद्धीवर एकटा धुळाच होता.

"मग लिंबाखाली बोलला का न्हाईत?" तिनं विचारलं.

"म्हातारीचं काय झालं आस्तं? पराथना म्हणत केलेला रस तिचा. आन् उद्या गल्लीत म्हणाले आस्ते, ख्रिस्ती लोक देवळात भट्टी लावत्यात. मला घसरला म्हणू दे. मी घसरलो न्हाय हे ज्याला ठावं पायजे त्याला ठावं हाय. आन् आता तुला."

"पण प्रभूचा प्याला ठिवला तुमी. भ्या न्हाय वाटलं?"

"लई वाटलं. मी म्हणलं, प्रभू, मी तुला न्हाई म्हणत न्हाय. ह्या वासाला म्हणतोय. तू काचंतच बसून ऱ्हाणारा न्हाईस. ठिवला आन् हात थरथरायचा थांबला बग."

ट्रंक रिकामी झाली. पण काळजी मिटली म्हणाल तर नाही. बुधवारच्या प्रार्थनेला मास्तरांनी विषय काढलाच. धुळा उभा राहिला आणि म्हणाला, "त्या दिवशी मला घेता आला न्हाय. पिलेलो न्हाय. कारण सांगणार न्हाय." लोकांनी एकमेकांकडं बघितलं. महिनाभर टांग्यात बसणारे आमचेच लोक उतरताना त्याच्या अंगाचा वास घ्यायचे. मी सांगू का, सांगू का, असा रोज तळमळायचो, आणि रोज धुळा म्हणायचा, "अण्णा, गप ऱ्हावा."

मायाक्का मात्र गप्प राहिली नाही. ती अंबुबाईंकडं गेली आणि म्हणाली, "मावशी, मला शिकवा की मनुका भिजवायला."

"मी मेल्यावर ये म्हणून सांगितलंय न्हवं?"

"तवा कोण शिकवंल?"

म्हातारीनं मनुकांची पुडी तिच्यापुढं सरकवली. पाणी येवो न येवो, प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मायाक्कानं दोन गल्ल्या पलीकडच्या आडावरनं घागर आणली आणि रस संध्याकाळीच झाला. गूळ घालू दिला नाही. अंबुबाई कुरकुरल्या, पण का ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढचा पहिला रविवार. तबक आमच्या बाकावर आलं. सगळ्या माना इकडं. शांतवन मास्तर तर चष्मा पुसून बसलेले. धुळानं प्याला उचलला, नाकाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला. इतका वेळ, की माझा स्वतःचा प्याला माझ्या बोटांत कलंडायला आला. पलीकडं मायाक्कानं डोळे गच्च मिटले होते.

"घ्या," पाळकसाहेब म्हणाले.

धुळानं घेतला. तळापर्यंत.

गायन सुरू झालं. सगळे उठले. तो माझ्या कानाशी वाकला, जिभेनं दातातलं काहीतरी काढत होता.

"अण्णा," तो पुटपुटला, "गाळताना साल ऱ्हायली की वो. मायाक्काला सांगू नगा."