मास्तरांच्या बोटीला अस्तर

आमच्या ह्यांनी पस्तीस वर्षं लोकांच्या छात्या, कंबरा आणि बाह्या मोजल्या. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशीनं, कापायचं लांब टेबल आणि खिळ्यांना लटकवलेले पुठ्ठ्याचे नमुने. सगळं जग ह्यांना मास्तर म्हणतं. सुईत दोरा ओवताना डोळे कुरकुरायला लागले तेव्हा ह्यांनी दुकान बंद केलं, आणि पुढचे आठ महिने हा माणूस घरात असून नसल्यासारखा होता. पडद्याची लांबी मोजायची, परत मोजायची, टेप गुंडाळून खिशात ठेवायची. ते बघून मला रडू यायचं.

मग एके दिवशी तळ्याकाठच्या बोटींच्या यार्डातून ह्यांचा फोन.

"अगं, घेतली!"

"काय घेतलं?"

"बोट! मोटरबोट! तीस वर्षांची आहे, पण बांधा बघशील तर! आणि आत एक खोलीसुद्धा आहे!"

मला पोहता येत नाही. ह्यांना येतं, असं ह्यांचं म्हणणं. माझी जीभ कात्रीसारखी चालते हे सासूबाईंपासून सगळ्यांनी मला ऐकवलेलं आहे, पण त्या दिवशी मी एक अक्षर बोलले नाही. इतक्या महिन्यांनी ह्यांचा आवाज मोठा झाला होता ना!

पहिल्याच उन्हाळ्यात आमची शोभा झाली. तळ्याच्या मधोमध ह्यांनी इंजिन मंद केलं आणि काटा-आकडे दाखवणाऱ्या पडद्यावर टिचकी मारली.

"खोली दाखवत नाहीये गं."

"एकच तर खोली आहे, आणि मी तिच्यातच बसलेय. आता आणखी काय दाखवायचं?"

"पाण्याची खोली, बाई!"

तेवढ्यात खर्रर्र! बोट वाळूत रुतली. मी प्राण मुठीत धरून 'वाचवा, वाचवा' म्हणून बोंब ठोकली. हे शांतपणे खाली उतरले, तर पाणी गुडघ्याएवढं. तीन तास आम्ही तिथे बसून होतो आणि काठावरून लोक आम्हाला हात हलवून दाखवत होते. मेल्यांना वाटलं आम्ही सहलीला आलोय.

तेव्हापासून खोली दाखवणारं यंत्र म्हणजे मी. हे मागे सुकाणू धरणार, मी पुढे उभी राहून पाण्यात बांबू खुपसणार आणि ओरडणार, "छाती! छाती! कंबर! अहो, मांडी! थांबवा!" मापं घेतल्यासारखंच सगळं. ह्यांना मजा वाटायची. मी मात्र दुसऱ्या हातानं धरलेला कठडा कधी सोडला नाही. वाळू होती म्हणून वाचलो. पलीकडे खडक आहेत, त्यांना काय ठाऊक आम्ही नवशिके आहोत ते?

यार्डवाली बाई आडव्या बांध्याची आणि खणखणीत आवाजाची. तिनं बोट तपासून निकाल दिला. "मास्तर, बुडाचा कान बहिरा झालाय. नवा बसवा."

हा कान म्हणजे बोटीच्या बुडातून आरपार गेलेला पितळी दांडा आणि त्याला खालून चपटं तोंड. तो पाण्यात आवाज सोडतो, तळाला आपटून परत येणारा आवाज ऐकतो आणि खोली सांगतो. कान बदलायचा म्हणजे बुडाला भोक पाडून बसायचं! मी तिथल्या तिथे अट घातली.

"बसवा. पण नंतर एक थेंब जरी पाणी आत आलं, तर बोट विकायची. शब्द द्या."

"दिला," हे म्हणाले. पण इतक्या हळू म्हणाले की मलाच वाईट वाटलं.

बोट क्रेननं उचलून टेकूंवर ठेवली. जुन्या कानाच्या दांड्यावर आतून आवळलेली चाकी, म्हणजे नट, गंजून जाम झाली होती, ती फोडावी लागली. आतून लाकडी हातोड्याचे चार ठोके, आणि तो खाली येऊन पडला. मागे राहिलं भोक. यार्डातला उजेड सरळ बोटीच्या पोटात! मी दोन पावलं मागे सरकले. पण ह्यांच्याकडे बघितलं तर काय! बाह्या वर सरसावलेल्या, गळ्यात टेप, कानावर खडू. दुकान उघडल्यासारखा चेहरा! इतका आनंद झाला मला, की क्षणभर माझी अटच विसरले.

आता खरी मेख पुढे होती. बोटीचं बूड उतरतं असतं, आणि कानाला तर सरळ खाली ऐकायचं असतं. यार्डवालीनं एक लांबट लाकडी ठोकळा दिला, मधे भोक पाडलेला, दोन्ही टोकांना सारखाच गोलसर.

"मास्तर, हा बुडाच्या उतारानं तिरका कापा. एक तुकडा बाहेरून बसेल, उरलेला आतून. म्हणजे चाकीसुद्धा सपाट बसते."

"म्हणजे वरचं कापड आणि अस्तर!" ह्यांनी टाळीच वाजवली. "एकाच ठोकळ्यातून दोन्ही! अगं, बघितलंस का?"

मग काय विचारता! भोकातून दोऱ्याला बॉबिन बांधून ओळंबा सोडला. पुठ्ठा कापून बुडाला लावला, काढला, पुन्हा लावला. ठोकळ्यावर खडूनं रेघ मारली, बाण काढला, बाणाशेजारी 'पुढे' असं लिहिलं. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. यार्डातल्या करवतीवर एका दमात कापला.

आणि लावून बघतात तर एका बाजूला बोटभर फट! उतार नेमका उलटा आला होता.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. शिंपी कापडावर खूण करतो ती नेहमी उलट्या बाजूनं, सुलट बाजूला खडू लागू नये म्हणून. पस्तीस वर्षांची सवय, लाकूड बघून थोडीच बदलणार? हे तिथल्याच पालथ्या बादलीवर बसले.

"विकून टाकू," म्हणाले. "डोळे गेले तेव्हा वाटलं, हात तरी आहेत. आता तेही गेले."

मला तेच तर हवं होतं. कोरडी जमीन आणि बांबूला सुट्टी! गप्प बसायचं, बस्स. पण तो माणूस स्वतःच्या हातांकडे ज्या नजरेनं बघत होता, ती मला सोसेना.

"अहो, शर्टाची कॉलर विरली की काय करायचात?"

"उलटवायचो. का?"

"मग तो ठोकळा फिरवा की! टोकं दोन्ही सारखीच आहेत. पुढचं मागे करा. आणि तुमच्या त्या बाणाकडे बघू नका."

हे उठले, ठोकळा फिरवला, बुडाला टेकवला. केस जाईल एवढीही फट नाही! यार्डवालीनं माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी चार पावलं पुढे गेले.

"वहिनी, तुम्ही तर बोट विकायला निघाला होतात!"

"जीभ आहे," मी म्हटलं. "घसरली."

मग चिकट लेप भरला, नवा कान खालून घातला, आतून अस्तर, वर चाकी. "आवळू नका फार," यार्डवाली ओरडली, "लेप सगळा बाहेर येईल!" ह्यांनी शर्टाचं वरचं बटण लावावं तशी बेतानं चाकी फिरवली. तीन दिवस लेप वाळू दिला. त्या तीन दिवसांत हे दोन वेळाही धड जेवले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी क्रेननं बोट पट्ट्यांवर उचलली, आम्हा दोघांसकट पाण्यावर आणली आणि पट्ट्यांतच लटकत ठेवली. पाणी आलं तर लगेच वर ओढायची. मी नव्या कानावरची तळाची फळी काढली आणि टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसले. हे माझ्या खांद्यावरून वाकले. बुडाला पाणी लागल्याचा आवाज आला.

आणि अस्तराच्या लाकडावर, चाकीच्या शेजारी, एक थेंब चमकला.

ह्यांनीही बघितला. बघितला आणि डोळे मिटून घेतले.

"काय वहिनी? कोरडं ना?" वरून यार्डवालीची हाक.

मी बोटानं तो थेंब उचलला आणि जिभेवर ठेवला. आमच्या तळ्याचं पाणी गोडं. थेंब खारट होता. वर बघितलं, तर ह्यांच्या नाकाच्या शेंड्यावर दुसरा तयारच!

'आलं पाणी' एवढं म्हटलं असतं तर खेळ खलास होता. हे शब्दाचे पक्के. थेंब चाखून बघायचं ह्यांच्या डोक्यातही आलं नसतं. मी पदरानं लाकूड पुसलं आणि घड्याळ लावून पाच मिनिटं बघत राहिले. अस्तर कोरडं ठणठणीत!

"नाक पुसा," मी म्हटलं. "घाम आहे तुमचा."

ह्यांनी डोळे उघडले. आधी अस्तराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दुकानाच्या पहिल्या दिवशी हसले होते तसे हसले. मग धडपडत वर गेले आणि बटण दाबलं. पडदा उजळला. आठ फूट एक इंच!

"मास्तर, किती दाखवतंय?" यार्डवालीनं विचारलं.

हे पडद्यावरच्या आकड्यांवरून बोट फिरवत बसले होते. म्हणून सवयीप्रमाणे मीच ओरडले, "डोक्यावरून!"

आणि बांबू काठावर तिच्या हातात देऊन म्हटलं, "हा ठेवा तुमच्याकडे. आता पट्टे सोडा."