हँडब्रेकचा दांडा

"बाबांचा पाय आता भरवशाचा राहिला नाही," असं ताई एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती. बाबांनी जन्मभर बस चालवली होती. जेवता जेवता त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले, इतकंच. त्याच दिवशी तिनं जुन्या गाडीची किल्ली शिवणाच्या खडूंच्या डब्यात लपवली. पुढे गाडीच विकून टाकली.

ताई गणवेशांच्या कारखान्यात कापड बेतते. तिची कात्री दुसऱ्या कुणी उचललेली तिला खपत नाही. बाबांचंही तसंच. औषधं, चष्मा, दाढीचं पाणी, सगळं तिच्या हातचं. रविवार तेवढा धाकट्या बहिणीचा. ती विजेवरची छोटी पांढरी गाडी घेऊन यायची, आणि बाबा सकाळपासून बूट चढवून बसलेले असायचे. परत येत ते असे उजळून, की ताईच्या पोटात दुखायला लागायचं.

"कुठे गेला होतात?"

"इथंच. जरा वारा खायला."

आठवडाभर राबायचं मी, आणि वारा हिचा!

म्हणून ताईनं गाडी घ्यायचं आणि चालवायला ड्रायव्हर ठेवायचं मनावर घेतलं. शोरूममध्ये दोन शेजारी शेजारी उभ्या होत्या: एक धाकटीच्या गाडीसारखीच पांढरी, दुसरी वेगळ्या कंपनीची निळी. पांढरी एका चार्जिंगमध्ये जास्त पळायची, आतूनही ऐसपैस होती. ताई मात्र निळीपाशीच घुटमळत राहिली.

"अगं, हिच्यात काय ठेवलंय?" बाबा म्हणाले.

"हिला हँडब्रेकचा दांडा आहे. तिच्यात नुसतं बटण. ऐन वेळी माणसानं धरायचं काय?"

"बाजूला बसणाऱ्यानं काही धरायचं नसतं."

"आणि त्या बाईसाहेबांची उष्टी पसंती मला नको."

"काका, निळीची एक फेरी तुम्हीच घ्या ना," सेल्समन उत्साहात म्हणाला. "मागच्या आवारात. कुणी नसतं तिथं."

चारचौघांत नाही कसं म्हणायचं? ताई बाजूला बसली आणि तिनं दांडा मुठीत धरला.

गाडी आवाज न करता सुटली. समोरून भिंत येऊ लागली. ताईची नजर बाबांच्या पायावर होती. पाय ब्रेककडे गेलाच नाही. तो नुसता अलगद वर उचलला गेला, आणि गाडी आपली आपण मंदावत, रांगत भिंतीजवळ आली. तेव्हा कुठे त्यांनी ब्रेकला पाय टेकवला, गरम भांड्याला बोट लावून बघावं तसा.

बसवर मुरलेला पाय असं करत नाही. तो ब्रेक शोधतो. ही खोड पाय उचलताच आपोआप मंदावणाऱ्या विजेच्या गाडीची, आणि ती एका दिवसात लागत नाही.

"ती तुम्हाला चालवायला देते?"

बाबा भिंतीकडे बघत राहिले. "मोकळ्या मैदानात. घरी बोलू नका म्हणाली होती. तू आकांत करशील म्हणून."

"आणि ती काय करते तेव्हा?"

"झोपते." बाबांना हसू आलं. "अगदी घोरते. लहानपणी माझ्या बसमध्ये झोपायची तशी. तू तेव्हाही दांडी धरून जागीच."

धाकटीचं घर, तिचा नवरा, तिचा गोरा रंग, सगळ्याचा हेवा ताईनं करून पाहिला होता. पण त्या झोपेइतकं तिला काहीच डाचलं नव्हतं.

"आता सोड तो दांडा," बाबा म्हणाले. "गाडी थांबलीय."

मूठ उघडायला वेळ लागला.

आत आल्यावर सेल्समननं पाणी पुढे केलं. "मग मॅडम, निळी की पांढरी?"

पांढरी म्हणजे धाकटीची नक्कल. निळी म्हणजे रोज तो दांडा, बाबांच्या डोळ्यांदेखत. बाबा खुर्चीत पाय लांब सोडून आरामात बसले होते. त्यांनी खिशातून फोन काढला.

"थांब, धाकटीलाच बोलावतो. ती सांगेल नीट. आणि जाताना घरी सोडेल आपल्याला."

ताईनं पर्स उचलली. तळहातावर दांड्याचा वळ अजून लाल होता. त्याच हातानं तिनं काचेचं दार ढकललं आणि ती बाहेर पडली.