जाड आवाज मशीन घेत नाही

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलं नाही. पोराला नाही, सुनेला नाही. आणि जिला सांगायला पाहिजे होतं ती देवका, माझी बायको, ती तर आता राहिली नाही. तुम्ही माझ्या नात्यातले नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतो. मी आठवी नापास माणूस, मला गोलगोल बोलता येत नाही — आणि तरी पाहा, आज गोलच फिरून राहिलो.

आधी मशीनचं सांगू द्या. सौंदडला माझा फोटो स्टुडिओ होता, लग्नाची शूटिंग करायचो. नव्व्याण्णव साली मिक्सिंगसाठी जुना कॉम्प्युटर घेतला, तर त्यात कोणीतरी एक सॉफ्टवेअर टाकून ठेवलेलं. चित्र, आवाज, अक्षरं सगळं एका जागी बांधायचं, अन् बटन दाबलं की ते बोलते, हालते. मल्टिमीडिया म्हणत त्याला. इंग्रजी मला येत नव्हतं. मग शिकलो कसा? एकेक बटन दाबायचो आणि काय बिघडते ते पाहायचो. जे झालं ते मराठीत लिहून काढायचो. तेच पुढे माझं पहिलं पुस्तक झालं. गोंदियातल्या कॉम्प्युटर क्लासमधली पोरं ते पुस्तक घेऊन बसायची, माझं.

माझं पहिलं अस्वल चाललं तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे. माउसने काढलेलं, बटाट्यासारखं अस्वल. पाय थोडा पुढे, दुसरं चित्र. अजून पुढे, तिसरं. स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर ती चित्रं ओळीनं लावली, धानाच्या रोवण्याला बाया पऱ्हे, म्हणजे रोपं, लावतात तशी. बटन दाबलं — अन् ते चाललं. मी उठून अंगणात गेलो, परत आलो, परत दाबलं. परत चाललं. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, पाय जमिनीवर ठरत नव्हते. तुम्हाला कधी झालं का असं? आपल्या हातानं काहीतरी जिवंत झालं असं?

मग ठरवलं, नागझिऱ्याच्या जंगलातल्या जनावरांची सीडी करायची, शाळेच्या पोरांसाठी. चित्रावर दाबलं की जनावर चालेल आणि स्वतःची गोष्ट सांगेल. पण गोष्ट सांगणार कोण? देवकाच. ती दरेकशाकडची, जंगलात वाढलेली. आवाज असा, की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शेतातला माणूस वळायचा. ती माइकसमोर बसली, पदर खोचला, आणि बोलली — "हे आलं पाहा अस्वल. मोहफुलं खाऊन याची मती फिरली. आता वाट सोडा बाप्पा, याले वाट दिसत नाई." लिहिलेलं काही नव्हतं. मी तो आवाज पट्टीवर ठेवला, अस्वल चालवलं, तर — खोटं नाही सांगत — ते बटाट्यासारखं अस्वल खरं झालं. ती हसली. म्हणे, "अजी, माही जीभ इतकी गोड हाय, तुमी कधी बोलले नाई." सगळी जनावरं तिनं बोलती केली. त्या दिवसांसारखे दिवस माझ्या आयुष्यात नाहीत. दुपारी ती चुलीवरून उठून यायची, हाताला पीठ, अन् मोराला बोलतं करून जायची.

आता इथं थांबावंसं वाटते. इथपर्यंतचं तर मी सगळ्यांना सांगतो.

सीडी घेऊन गोंदियाला गेलो. एक शेठ शाळांना सीड्या पुरवायचा. त्याच्या दुकानात चार लोक बसलेले. अस्वल चाललं, देवका बोलली. शेठ म्हणाला, "ये कौन बाई है? धान काटके सीधी आयी क्या?" सगळे हसले. मीही हसलो. आणि म्हणालो — "कामवाली है, शेठ. ऐसेच ट्रायल के लिए बिठाया था. बदल देंगे."

कामवाली. हा शब्द कोणी माझ्या तोंडात टाकला? कोणीच नाही.

नागपूरची एक मुलगी बोलावली. तिचं मराठी इस्त्री केलेलं. "अस्वल मोहाची फुले आवडीने खाते." शेठ खूश. देवकाचा आवाज मी मशीनमधून पुसला. डिस्कवर जागा नव्हती, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. जागा होती.

पण तिला काय सांगणार? घरी येऊन म्हटलं, "तुझा आवाज जाड आहे. जाड आवाज मशीन घेत नाही, फाटून जाते." तिनं मान हलवली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. राग नाही आला. दोन-चार दिवसांनी स्वयंपाकघरातून काहीतरी ऐकू आलं. तांदूळ पाखडून राहिली होती, आणि हळूच, बारीक आवाज काढून म्हणत होती, "हे आलं पाहा अस्वल." परत. अजून बारीक करून परत. मला पाहून म्हणाली, "असं घेईल का? नाई घेत म्हून तुमच्या पुस्तकात लिवलं हाय का कुठी?"

ती चौथी शिकलेली. छापलेल्या अक्षरावर तिचा देवासारखा विश्वास. आणि मी — माझं दुसरं पुस्तक तेव्हा छापायला जाणार होतं — मी त्यात आवाजाच्या पाठात लिहून टाकलं: जाड आणि गावठी आवाज मशीन नीट पकडत नाही, बारीक व शुद्ध आवाज वापरावा. तिचं तोंड बंद व्हावं म्हणून लिहिलं. दुसरं कारण नव्हतं. पुस्तक आल्यावर तिनं ते पान बोट ठेवून वाचलं, आणि मग विषय काढला नाही.

पुढे घरी फोन बसला. पोरगा पुण्याहून बोलायचा, तर ही दोन शब्द बोलून रिसिव्हर माझ्या हातात द्यायची. मग मोबाईल आले, आणि त्याच सॉफ्टवेअरमध्ये मोबाईलचे ॲप करता येऊ लागले. मी परत पोरासारखा झालो. बोट लावलं की अस्वल चालते, तुमच्या तळहातावर — किती मजा. सीडीचं ॲप केलं, नवे आवाज भरले. तेव्हा तिला बोलावता आलं असतं. माझे केस पांढरे झाले होते, शेठही कुठे राहिला होता? आवाज भरायला बसलो की तीच उठायची. "मले बाहेर जाऊ द्या. माह्या आवाजानं बिघडेल तुमचं." आणि मी जाऊ दिलं. दरवेळी.

दिवाळीला नात मोबाईल समोर धरायची, "आजी, बोल ना काही." ही पदर तोंडाला लावून नुसती हसायची.

यंदा ती गेली. तेरवीला सगळे आपापले मोबाईल काढून तिचे व्हिडिओ शोधत बसले. लग्नातले, बारशातले, अंगणातले. प्रत्येकात ती आहे. एकातही बोलत नाही. पोरगा माझ्याजवळ आला, त्याचे डोळे लाल. म्हणाला, "बाबूजी, मायचा आवाज कुठीच नाई. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये तरी असेल ना? ती कधीच कशी बोलली नाही?"

मी म्हटलं, "तिले आवडतच नव्हतं."

तो मान हलवून गेला.