विमानातून आलेल्या जावेचे पाय

माझ्या लहान्या जावेचे पाय मी धुतलेत, आणि त्याचा राग मला आजही येतो. मोठी मी. पाया तिनं माझ्या पडायचं. पण ती विमानात बसून आली होती ना!

आमच्या नणंदेचं पहिलं बाळंतपण मुंबईत होतं. डॉक्टरनं तिला अंथरुणावरून उठायला बंदी केली, तशी तिच्या नवऱ्याची, आमच्या नंदोईंची, तार आली: एका वहिनीला लगेच पाठवा, नागपूरहून विमानाची सोय करतो. साठ सालानंतरची गोष्ट. नागपूर ते मुंबई पाचशे मैलांच्या वर. आगगाडीत रात्र जाऊन वर दिवसही मोडायचा, आणि विमान म्हणे तीन तासांच्या आत नेऊन सोडतं. आमच्या आर्णीहून नागपूर गाठायला यष्टीला त्याहून जास्त वेळ लागायचा!

घरातली सगळी बाळंतपणं माझ्या हातची. लहानीला तान्ह्या लेकराची मानसुद्धा धरता येत नव्हती. मी जाणार हे मी धरूनच चालले होते, कोणतं लुगडं नेसायचं तेही ठरवून टाकलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मोठी गेली त वेचणीच्या बायाइकडे कोण पाहीन? लहानी जाईन. तिचं इथं काय अडते?"

म्हणजे मी कामाची, म्हणून मी घरी. वा रे न्याय! त्या दिवशी भाकरी अशा थापल्या, की आमचे हे म्हणाले, "काहून आपटून राह्यली?"

"तुमाले काय करायचं? जेवा गुपचूप."

ती गेली आणि माझी मान सारखी वर. वावरात कापूस वेचणाऱ्या बाया हसायच्या, "बाई, जावेले शोधून राह्यल्या काय?" मी त्यांच्यावर खेकसायची.

बाळंतपण सुखरूप झालं आणि लहानी परतली, तीही विमानानंच. आमच्यात काशी करून आलेल्याचे पाय दारात धुतात, मग तो वयानं लहान का असेना. सासूबाईंनी ठरवलं, की आभाळातून आली म्हणजे देवाच्याच वाटेनं आली, तिचा मानही तोच.

"मोठे, परात आण."

"आत्याबाई, मी मोठी हावो तिच्याहून."

"ते मले मालूम आहे. परात आण."

आणली. तिच्या पायांना आभाळ कुठलं, यवतमाळच्या रस्त्याचा फुफाटा होता. तो मी चोळून काढला, जरा जोरातच. भोवती अर्धी गल्ली. "वरून काय दिसते वं? आपली आर्णी दिसली काय?" लहानी नुसती हसत होती.

मग स्वयंपाकघरात दोघीच उरलो. मला राहवेना. "मले तरी सांग, काय दिसलं?"

तिनं दाराकडे पाहिलं. "ताई, कोनाले सांगू नका. मले लय भेव वाटे. जातानी अन् येतानी डोये गच्च मिटून बसलती मी. खिडकी माह्याच बाजूले होती, पन एकडावबी बाहेर पाह्यलं नाही."

खिडकीपाशी बसून! मी चुलीकडे तोंड फिरवलं, पण रडू काही आवरेना. तिला वाटलं, तिच्या भीतीनं माझा जीव कळवळला. माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "रडू नका ताई. आली ना मी सुखरूप."